वुजूच्या पाण्यातला लाल रंग : हिरड्या, साखर आणि उंदरांनी सोडवलेलं कोडं

आमच्या खाला सत्तरीकडे झुकलेल्या आहेत. गेल्या रमजानच्या आधी त्यांनी घरात एक प्रश्न काढला. वुजू करताना तीनदा चूळ भरायची असते, आणि त्यांच्या चुळीच्या पाण्यात रोज लालसर रंग दिसत होता. दात दुखत नव्हता, की गाल सुजला नव्हता. फक्त हिरड्यांतून रक्त यायचं. त्यांना काळजी एकच : वुजू राहतो की तुटतो?

मौलानासाहेबांनी मसला नीट समजावून सांगितला. हनफी मसलकात थुंकीच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त रक्त असेल तर वुजू तुटतो. कोकणातले आमचे नातेवाईक शाफई आहेत. त्यांच्याकडे असं रक्त आल्यानं वुजू तुटत नाही, पण तोंड धुऊन साफ करावं लागतं. रोजा असेल तर रक्त गिळायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. (तपशील प्रत्येकानं आपापल्या आलिमांना विचारावा.) खालांचं समाधान झालं. पण त्या दिवशी एक प्रश्न कुणीच विचारला नाही, मीही नाही. रक्त मुळात येतंच का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांनी उंदरांच्या इवल्याशा हिरड्या तपासल्या. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या घराघरांतल्या एका आजाराशी, म्हणजे डायबेटिसशी, थेट जोडलेलं आहे. म्हणून हा लेख.

पायाचा रस्सा आणि हिरडी

आधी कोलॅजन म्हणजे काय ते पाहू. हा शब्द हल्ली जाहिरातींत खूप ऐकू येतो, पण वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे. बकऱ्याचे पाये रात्रभर मंद आचेवर शिजवले की रस्सा दाट, ओठांना चिकटणारा होतो. थंड झाला की वडीसारखा थिजतो. पायातल्या कातडीत, शिरांत आणि हाडांत जे कोलॅजन असतं ते उष्णतेनं उलगडतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा थिजवतं ते हेच.

कोलॅजन हे प्रथिन आहे. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा एकट्या कोलॅजनचा असतो. त्वचा, हाडं, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, सगळं त्याच्याच जोरावर टिकून असतं. वर्गात हा भाग शिकवताना मी सुतळीचा तुकडा नेते. सुतळी उलगडली की आत पिळलेले पदर दिसतात. कोलॅजनचा रेणूही तसाच आहे : तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून झालेली दोरी. साखळीतला दर तिसरा मणी ग्लायसीन नावाचा असतो. तो सगळ्या मण्यांत लहान असतो, म्हणून पीळ घट्ट बसतो.

ही दोरी विणणारे कारागीर म्हणजे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. हिरडीत वरच्या गुलाबी कातडीखाली त्या पसरलेल्या असतात. त्या साखळ्या तयार करतात, पिळतात आणि बाहेर सोडतात. बाहेर आल्यावर या दोऱ्या शेजारी शेजारी रचल्या जातात, त्यांच्यात आडवे टाके पडतात आणि मजबूत तंतू तयार होतात. काही तंतू दाताच्या मुळापासून निघून हिरडीत शिरतात. काही दाताच्या मानेभोवती गोल फिरतात, जणू घट्ट बसणारी कॉलर. त्याखाली दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा वेगळा बंध असतो, आणि दात त्याला टांगलेला असतो. म्हणजे दात हाडात सिमेंटनं पक्का केलेला नाही, दोऱ्यांनी बांधलेला आहे. घास चावताना त्याला जरा दबता यावं, म्हणून ही रचना.

निरोगी हिरडी दाताला चिकटून असते. तिच्या आणि दाताच्या मध्ये फार तर दोन-तीन मिलिमीटर खोलीची फट असते. त्या फटीत जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांच्याभोवतीच्या कोलॅजनच्या दोऱ्या विरघळायला लागतात. आधार गेलेल्या नाजूक रक्तवाहिनीला ब्रश लागला, मिस्वाक लागली किंवा नुसती जोरात चूळ भरली तरी ती फुटते. पाणी लाल होतं ते त्यामुळे.

अभ्यासाला उंदीरच का?

माणसाच्या हिरडीचे तुकडे काढून रोज तपासता येत नाहीत. म्हणून कुरतडणारे प्राणी उपयोगी पडले. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर. कुरतडून ते झिजतात आणि खालून पुन्हा वर सरकतात. आता दात सरकत असेल तर त्याला बांधणाऱ्या दोऱ्या सतत सोडाव्या आणि पुन्हा बांधाव्या लागणार. म्हणजे उंदराच्या तोंडात विणकाम कधी थांबतच नाही.

हे विणकाम किती वेगानं चालतं? ते मोजायची पद्धत हुशारीची आहे. कोलॅजनमध्ये प्रोलीन नावाचा घटक भरपूर असतो. किंचित किरणोत्सर्गी केलेलं प्रोलीन उंदराला टोचायचं. ते नव्या कोलॅजनमध्ये विणलं जातं. मग वेगवेगळ्या दिवशी तपासायचं की खूण केलेलं कोलॅजन किती उरलं. टोरांटोमध्ये जारो सोडेक यांनी प्रौढ उंदरांवर असं मोजमाप केलं, ते १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं. निम्मं कोलॅजन बदलायला त्वचेत साधारण १५ दिवस लागत होते, हिरडीत साधारण ५ दिवस, आणि दाताला हाडाशी बांधणाऱ्या बंधात जेमतेम १ दिवस.

माणसाचे आकडे वेगळे असतात, पण यातून कळलेली गोष्ट महत्त्वाची आहे. हिरडी वरून शांत दिसत असली तरी ती एकदा बांधून ठेवलेली भिंत नाही. ती रोज उसवली जाते आणि रोज विणली जाते. जिथे काम इतक्या वेगानं चालतं, तिथे माल कमी पडला किंवा कारागीर आजारी पडला की परिणाम लवकर दिसतो. म्हणूनच शरीरातल्या बऱ्याच बिघाडांची पहिली खबर तोंड देतं.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण स्कर्व्ही. महिनोन्‌महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, दात गळायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरच्या डॉक्टरनं बारा आजारी खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघं सर्वांत लवकर बरे झाले. कारण मात्र कळलं नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाली. गिनीपिगही कुरतडणाराच प्राणी. पण साधा उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो, त्याला स्कर्व्ही होत नाही. गिनीपिग आणि माणूस दोघांनाही ते बनवता येत नाही. प्रयोगाला उंदीर घेतला असता तर हे कोडं तिथेच अडलं असतं.

पुढे कारण उलगडलं. कोलॅजनच्या साखळ्या पिळून पक्क्या करायला त्यातल्या काही प्रोलीन मण्यांवर एक छोटीशी रासायनिक खूण करावी लागते, आणि ते काम करणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दोरीचा पीळ शरीराच्या उष्णतेतच सुटतो. विणकाम ठप्प होतं, उसवणं मात्र चालूच राहतं. त्यामुळे जिथे विणकाम वेगवान, तिथे म्हणजे हिरडीत, नुकसान आधी दिसतं.

विणणारा हात आणि उसवणारा हात

स्कर्व्हीत विणणारा हात थांबतो. पण उसवणाऱ्या हाताचं काय? कोलॅजनची दोरी इतकी चिवट असते की नेहमीचे पाचक रस तिला सहज तोडू शकत नाहीत. मग शरीर ती तोडतं कशी? १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना याचं उत्तर बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं. पिल्लाचा बेडूक होताना शेपटी विरघळून जाते. ती विरघळवणाऱ्या एन्झाइमला कोलॅजनेज म्हणतात. म्हणजे कोलॅजन कापणारी कात्री. या कात्रीच्या पात्यात जस्ताचा अणू असतो, त्याशिवाय ती चालत नाही.

ही कात्री वाईट नाही. जखम भरताना, हाड नव्यानं घडताना, जुनं कोलॅजन काढून नवं भरताना ती लागतेच. अल्लाहनं शरीरात घडवणारं आणि मोडणारं दोन्ही ठेवलं आहे, आणि दोघांत तोल ठेवला आहे. तोल बिघडला की आजार.

डायबेटिस झालेले उंदीर

डायबेटिस असलेल्या लोकांचे दात लवकर हलतात, हे डॉक्टर फार पूर्वीपासून पाहत होते. समजूत अशी होती की साखर वाढल्यानं तोंडात जंतू वाढतात आणि ते हिरडी खातात. हे पूर्ण खरं आहे का, हे तपासायला अमेरिकेत लॉर्न गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची मदत घेतली. स्ट्रेप्टोझोटोसिनसारखं औषध टोचलं की उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्याला डायबेटिस होतो. अशा उंदरांच्या हिरड्यांत दोन बिघाड दिसले. नवं कोलॅजन कमी बनत होतं, आणि कात्री जास्त जोरानं चालत होती. म्हणजे एकाच वेळी विणणारा हात मंदावला आणि उसवणारा हात सैल सुटला.

मग त्यांनी आणखी एक युक्ती केली. काही उंदीर संपूर्णपणे जंतुविरहित वातावरणात जन्माला घालून वाढवले जातात. त्यांच्या तोंडात एकही जंतू नसतो. अशा उंदरांनाही डायबेटिस झाला, आणि त्यांच्याही हिरडीतली कात्री वाढली. म्हणजे सगळा दोष जंतूंचा नव्हता. जंतू आग लावतात हे खरं, पण साखरेनं घर आधीच वाळकं करून ठेवलेलं असतं.

पुढचा निष्कर्ष तर कुणाच्या डोक्यातही नव्हता. या डायबेटिक उंदरांना टेट्रासायक्लिन जातीतलं मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, तर जंतुविरहित उंदरांच्या हिरडीतलीही कात्री थंडावली. मारायला जंतूच नव्हते, तर मग औषधानं केलं काय? १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की हे औषध जंतू मारण्यापलीकडे स्वतंत्रपणे कोलॅजनेजलाच अडवतं. ते जस्तासारख्या धातूंना धरून ठेवतं, म्हणून कात्रीचं पातं चालत नाही. मग औषधाच्या रेणूतला जंतू मारणारा भाग रसायनशास्त्रज्ञांनी काढून टाकला, तरी कात्री अडवण्याचा गुण टिकून राहिला. शंका उरली नाही.

याच वाटेनं एक औषध आलं. त्याच जातीतलं डॉक्सिसायक्लिन, पण अगदी कमी मात्रेत : २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. या मात्रेत ते जंतू मारत नाही, फक्त कात्रीला आवर घालतं. हिरड्यांच्या आजारात दातांची साफसफाई करण्याच्या जोडीला वापरण्यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण इथे एक सावधगिरी. मेडिकलमध्ये मिळणारी नेहमीची डॉक्सिसायक्लिनची गोळी १०० मिलिग्रॅमची असते. ती "हिरड्यांसाठी चांगली" म्हणून स्वतःच्या मनानं खायची नाही. गरोदर बायांना आणि लहान मुलांना तर नाहीच. कुणाला द्यायची, किती दिवस द्यायची, हे दातांच्या डॉक्टरनंच ठरवायचं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, मुक्या जनावरांना मुद्दाम आजारी पाडणं गुनाह नाही का?" प्रश्न साधा नाही. आपल्या दीनमध्ये जनावरावर जुलूम करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. भारतात १९६० च्या कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि जिथे दुसरा मार्ग असेल तिथे प्राणी वापरू नयेत, असाच जगभरचा आग्रह आहे. मी तिला एवढंच म्हटलं की त्या जिवांमुळे जे कळलं ते वापरायचंच नाही, हे तर त्याहून वाईट.

साखर दोरीला कशी चिकटते

साखर हे सगळं करते कसं? रक्तात साखर जास्त काळ जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर पाहायला एचबीए१सी ही तपासणी सांगतात. त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली तेच मोजतात. हिमोग्लोबिनला चिकटते तशी ती कोलॅजनलाही चिकटते. हिमोग्लोबिन वाहून नेणारी तांबडी पेशी चारेक महिन्यांत बदलते, पण जिथे कोलॅजन जास्त काळ टिकतं तिथे साखरेचे थर साचत जातात. दोऱ्या एकमेकींना वेड्यावाकड्या चिकटतात, कडक होतात, आणि त्यांची दुरुस्ती नीट होत नाही.

शिवाय अशी साखर चिकटलेली प्रथिनं पेशींवरच्या एका खास ग्राहकाला जाऊन भिडतात आणि सूज भडकते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डायबेटिस असलेल्या उंदरांवर हे पाहिलं गेलं. त्यांच्या तोंडात हिरड्या बिघडवणारे जंतू सोडले, पण काहींना त्या ग्राहकापर्यंत साखरी प्रथिनं पोहोचू न देणारं औषध दिलं. त्यांच्या जबड्याचं हाड कमी झिजलं. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

उंदरावरून माणसाकडे

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवलंच पाहिजे. गिनीपिगच्या गोष्टीनं तेच शिकवलं. पण इथे माणसांतल्या पाहण्याही त्याच दिशेनं गेल्या आहेत. डायबेटिस असलेल्यांत हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, विशेषतः साखर ताब्यात नसेल तर. साखर ताब्यात असलेल्यांना तितका धोका नसतो.

उलट बाजूही खरी आहे. हिरड्यांची जुनी सूज रक्तात मिसळत राहते आणि इन्शुलिनचं काम अवघड करते. टाइप २ डायबेटिसच्या रुग्णांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसतं. आकडा लहान वाटतो, पण औषधाची एखादी जादा गोळी जेवढा फरक करते, त्याच्या जवळपास जाणारा हा फरक आहे. आणि तो येतो दात साफ करून घेतल्यानं.

भारतात किती लोकांना डायबेटिस आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी. यातल्या कित्येकांना आपल्याला साखर आहे याचा पत्ताच नाही. त्यांच्यापैकी काहींचं पहिलं निशाण कदाचित वुजूच्या पाण्यातच दिसत असेल.

तोल दुसऱ्या बाजूला गेला तर

कोलॅजन कमी पडणं वाईट, तसं जास्त होणंही वाईट. याचं उदाहरण आपल्या गल्लीतल्या टपरीवर टांगलेलं असतं. सुपारीत अॅरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. ते तोंडातल्या कारागीर पेशींना कोलॅजन बनवायला डिवचतं. सुपारीतलं तांबं दोऱ्यांना आडवे टाके घालणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. दोऱ्या वाढत जातात, उसवल्या जात नाहीत. गालाची आतली कातडी पांढरट, कडक, दोरखंडासारखी होते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं तोंडात जात नाहीत अशी पोरं मी पाहिली आहेत, वय अठरा-वीस. या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तंबाखू नसलेली "साधी" किंवा "गोड" सुपारीही यातून सुटत नाही.

काही औषधांनीही हिरड्या वाढतात. फिटवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्या, किडनी बदललेल्या रुग्णांना देतात ते सायक्लोस्पोरिन. सगळ्यांना होत नाही, पण हिरड्या दातांवर चढताना दिसल्या तर डॉक्टरला सांगावं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये. बीपीची गोळी सोडणं हिरडीपेक्षा महागात पडेल.

आणि मशेरी. आपल्या घरांतल्या कित्येक बाया अजूनही सकाळी तंबाखूची भाजलेली मशेरी लावतात, आणि म्हणतात, "मशेरीनं रक्त थांबतं." खरंच थांबतं, पण हिरडी बरी झाली म्हणून नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. आत मात्र कारागीर पेशी मंदावतात आणि दोऱ्या झिजतच राहतात. धुराची घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकावी, तसा हा प्रकार.

मग घरात काय करायचं?

पहिली गोष्ट, आठवड्याभरापेक्षा जास्त दिवस हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा, आणि सोबत रक्तातली साखर तपासून घ्या. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात कुणाला डायबेटिस असेल, तर नक्कीच. घरात साखरेचा रुग्ण असेल तर वर्षातून एकदा तरी त्याचे डोळे आणि पाय तपासतात, तसं तोंडही तपासायला सांगा.

दुसरी, दात साफ करून घेण्याला घाबरू नका. "मशीन लावलं की दात हलतात" हा समज आपल्याकडे पक्का आहे. दात हलतो तो आतलं हाड आणि दोऱ्या आधीच गेल्यामुळे. वर साचलेल्या दगडासारख्या थरानं तो हालता दात धरून ठेवलेला असतो, म्हणून कळत नाही. थर निघाला की खरी हालत दिसते. थर तसाच ठेवला तर दात जाणारच आहे. पुण्यात, मुंबईत आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी सरकारी दंत महाविद्यालयं किंवा सरकारी दवाखाने आहेत, तिथे हे काम कमी पैशात होतं.

तिसरी, मिस्वाक. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिची किती ताकीद केली आहे ते आपण सगळे जाणतो. तिचा अर्थ तोंड स्वच्छ ठेवणं. मिस्वाकचं टोक मऊ होईपर्यंत चावावं, हलक्या हातानं फिरवावं, आणि वापरलेलं टोक कापून नवं करावं. जोरानं घासलं की हिरडी खाली सरकते, मग ती मिस्वाक असो की ब्रश. रात्री झोपण्यापूर्वी मात्र दातांच्या फटीही साफ व्हायला हव्यात. रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका. सोडलं की थर वाढतो आणि रक्तही वाढतं.

चौथी, खाणं. आवळा, पेरू, लिंबू, संत्री यांतून क जीवनसत्त्व सहज मिळतं. शिजवल्यानं ते बरंच जातं, म्हणून थोडं कच्चंही खावं. पण साखर ताब्यात नसेल तर नुसत्या आवळ्यानं काम होणार नाही. विणणाऱ्याला सूत मिळालं, पण कात्री मोकाट आहे, अशी ती गत. आणि हजारो रुपयांच्या कोलॅजन पावडरबद्दल : खाल्लेलं कोलॅजन पोटात जाऊन त्याचे तुकडेच होतात, ते सरळ उचलून हिरडीत बसवलं जात नाही. शिवाय ते माशाचं, गायीचं की डुकराचं, हे डब्यावर नेहमी स्पष्ट नसतं. हलालचं लेबल पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि घेतलं नाही तरी काही अडत नाही. डाळ, अंडी, मासे, मांस यांतून लागणारं सूत मिळतं.

पाचवी, वेळ. हे सगळं रमजान लागायच्या आधी करून घेतलं तर रोज्यात दाताच्या खुर्चीत बसायची आणि रक्त गिळलं जाईल का या काळजीची वेळ येत नाही. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी रोजे कसे ठेवायचे, गोळ्या-इन्शुलिन कधी घ्यायचं, हेही त्याच फेरीत डॉक्टरना विचारून घ्यावं.

खालांना आम्ही शेवटी डॉक्टरकडे नेलं. दातांच्या डॉक्टर बाईंनी तोंड पाहिलं आणि आधी रक्ताची तपासणी लिहून दिली. साखर वाढलेली निघाली, आणि ती कालपरवाची नव्हती. औषध सुरू झालं, दात दोन बैठकांत साफ झाले. पाण्याचा लाल रंग तीनेक आठवड्यांत गेला. दोन दात मात्र वाचले नाहीत. त्यांच्या दोऱ्या आधीच तुटल्या होत्या.

"मी मसला विचारला ते बरंच झालं," खाला म्हणाल्या, "पण वर्षभर आधी विचारायला हवा होता." शरीर ही अल्लाहची अमानत आहे असं आपण म्हणतो. ती अमानत कधी कधी फार हळू आवाजात बोलते. पुढच्या वेळी वुजूच्या पाण्यात लाल रंग दिसला तर मसला जरूर विचारा. आणि त्याच आठवड्यात साखरही तपासा.